उपवासाला न चालणारी गोळी

माझ्या सासूबाईंना क्षय झाला तेव्हा मला सोलापुरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष चाललं होतं. मी मंगळवेढ्याकडची, काळ्या रानात ज्वारी राखत वाढलेली आणि तोंडाने फटकळ. सासरी पाठवताना आईने बजावलं होतं, पहिली दोन वर्षं तरी तोंड आवर. मी आवरत होतेही. पण सासूबाईंच्या गोळ्यांनी ते उघडलं आणि पुन्हा काही नीट मिटलं नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. मिलच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि घरात माणसं तीन: आत्या, आमचे हे आणि मी. हे मिलमध्ये मागावर होते. आत्यांचा नवरा फार लवकर गेला. तेव्हा माळशिरसकडचं गाव सोडून एकुलत्या पोराला घेऊन त्या शहरात आल्या आणि शेजारच्या तेलुगू विणकरांच्या हातमागांसाठी कांड्या भरून त्यांनी पोराला वाढवलं. एका हाताने चरख्याचं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं आणि मधल्या वेळात दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची, असा त्यांचा दिवस जायचा. तेलुगू त्यांना चाळीतल्या चाळीत येऊ लागलं होतं. ते त्या इतक्या बेधडक बोलायच्या की विणकरांच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आत्यांना त्याचं काही वाटत नसे.

खोकला सुरू झाला तेव्हा सुताची धूळ छातीत गेली असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच तो अंगावर काढला. दसऱ्यापर्यंत आत्या अशा वाळल्या की हातातल्या पितळी बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग ह्यांनी सुट्टी काढून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली आणि डॉक्टरांनी सांगितलं, क्षय आहे, पण बरा होतो. रोज एक सुई दोन महिने, आणि रोज एक गोळी दीड वर्ष. एकही दिवस चुकवायचा नाही.

आत्यांनी सुईचं मनावर घेतलं. रोज सकाळी डोक्यावरून पदर घेऊन त्या दवाखान्याला चालत निघायच्या. ऊन म्हणाल्या नाहीत, थंडी म्हणाल्या नाहीत. चाळीत विचारलं तर ताकदीची सुई घेते म्हणून सांगायच्या. दोन महिन्यांत खोकला पळाला, अंगावर मांस चढलं, बांगड्या मनगटाशी आल्या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्या माझ्याबरोबर एवढ्या फिरल्या की माझेच पाय दुखले. सुया संपल्या. आता नुसत्या गोळ्या राहिल्या होत्या. दर महिन्याला पुडा आणायचा, रोज एक घ्यायची, आणि ते काम आत्या स्वतःच बघतील असं आम्ही धरून चाललो. माझंही लक्ष दुसरीकडेच होतं, कारण मला दिवस गेले होते.

चैत्रात दवाखान्याचं कार्ड आलं. ते पोस्टमनने वाचलं, पोस्टमनकडून शेजारणीने वाचून घेतलं, आणि मग ते आमच्या हातात पडलं. आत्या दोन महिने गोळ्या न्यायला आल्या नाहीत, ताबडतोब या, असं त्यात लिहिलं होतं. मला वाटलं काहीतरी घोटाळा झाला, कारण त्या गोळी घेताना मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. पण गेले काही दिवस रात्री त्यांचा खोकला पुन्हा ऐकू येत होता, हेही मला ठाऊक होतं. मी घर धुंडाळायला लागले. कांड्यांच्या टोपलीत, अगदी तळाशी, पावडरीचा एक रिकामा डबा सापडला. तो रिकामा नव्हता. त्यात पांढऱ्या गोळ्या होत्या, निम्म्याच्या वर.

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, ह्या इथे कशा. आत्यांनी चाकही थांबवलं नाही.

"उपासाच्या दिवसाच्या हायत की त्या," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. दुखणं कळलं त्याच दिवशी त्यांनी नवस बोलला होता. ह्यातून उठव, सोमवार तुझा, म्हणून सिद्धेश्वराला. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींना. शनिवार चाळीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला, कारण तो जवळ होता आणि त्याला वाईट वाटायला नको. एकादशी आणि संकष्टी आधीपासूनच होत्या. आणि उपवासाला गोळी कशी चालेल? ती पोटात जाते. उपवास संध्याकाळी सोडून मग घ्यावी, तर संध्याकाळी सुटणारा उपवास त्यांच्या मते लहान पोरांचा. त्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायचा. म्हणजे आठवड्यातून चार दिवस औषध, आणि मधे एकादशी आली तर तीनच. राहिलेल्या गोळ्या त्यांनी टाकल्या नाहीत, जपून ठेवल्या. डबाभर गोळ्या घरात असताना दवाखान्यातून आणखी कशाला आणायच्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"आणि सुया कशा घेतल्या सोमवारच्या?" मी विचारलं.

"सुई दंडात जाती. पोटात कुटं जाती?"

हे बरोबरच होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मला राग येतो. बरं वाटावं म्हणून उपवास करायचे आणि उपवासापायी औषध सोडायचं, हे कुठलं शहाणपण, असं मी बरंच काही बोलले. आईने दिलेली ताकीद तिथेच संपली. हे संध्याकाळी पाळीवरून आले तेव्हा त्यांनीही आवाज चढवला.

"आये, घोटभर पाणी आणि येवढीशी गोळी. त्यात अवघड काय हाय?"

हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात पंचवीस वेळा तरी म्हटलं असेल. वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी मी आत्यांना घेऊन दवाखान्यात गेले. तिथे गोळ्या देणारे एक गृहस्थ होते, चष्मेवाले, बारीक, स्वतः विणकराच्या घरातले. आजाऱ्यांवर ते घरच्यासारखे ओरडायचे. त्यांनी डबा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. अर्धवट औषध हे औषध न घेण्यापेक्षा वाईट, म्हणाले. जंतूंना त्याची सवय होते, मग ते ह्या गोळीला जुमानत नाहीत. थुंकी पुन्हा तपासली, त्यात जंतू पुन्हा निघाले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर सुई, दीड वर्ष गोळी. मग त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. कितवा महिना, विचारलं. पाचवा, मी म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की थुंकी स्वच्छ होईपर्यंत बाळाला आजीजवळ द्यायचं नाही. बाळंतपण माहेरीच करा आणि स्वच्छ झाल्याचा कागद मिळेपर्यंत तिकडेच राहा.

घरी येताना आत्यांनी रस्त्यात कुणाचीच चौकशी केली नाही. असं मी पहिल्यांदाच बघितलं. एकच मूल पदरात घेऊन त्यांनी सगळं तारुण्य चरख्यापुढे काढलं होतं, आणि आता घरात दुसरं मूल यायचं तर ते मांडीवर घ्यायचं नाही. मला त्यांची खरंच कीव आली. पण चाळीच्या दारात पाऊल टाकताना त्या म्हणाल्या की आता तर देवाला जास्तच घट्ट धरलं पाहिजे, आणि माझी कीव तिथल्या तिथे उडून गेली.

पुढचे काही दिवस मी वकिली केली. गोळी म्हणजे काही जेवण नव्हे, हा माझा मुद्दा. आत्या अडाणी होत्या पण हेकट नव्हत्या. त्यांनी विचार केला आणि आपली अट सांगितली. गोळीत धान्य नसेल तर ती उपवासाला चालेल. साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, चहा चालतो, तर मग खडू किंवा चुना असलेली गोळीही चालायला हरकत नाही. मला वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी सुईला जाताना मी मुद्दाम बरोबर गेले आणि आत्यांनाच विचारायला लावलं. त्या खिडकीशी गेल्या आणि गोळ्या देणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, बाबा, ह्या गोळीत धान्य हाय का न्हाय तेवढं सांगा.

मी मागून मान हलवत होते. नाही म्हणा, नाही म्हणा. पण ते गृहस्थ प्रामाणिक निघाले. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. ते खुशीत आले आणि समजावून सांगायला लागले. औषध म्हणजे नुसती पूड असते, ती आपोआप गोळी होत नाही. ती धरून ठेवायला त्यात थोडी खळ घालतात. आपण ताण्याच्या सुताला लावतो ना, तसलीच.

आता, खळ कशाची करतात हे त्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. पीठ शिजवून केलेली खळ घेतलेल्या सुतात तिचं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात हा शब्द ऐकून बाई गप्प घरी गेली असती.

"खळ म्हंजे पीठ," आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आणि पीठ म्हंजे धान्य. झालं का समाधान?"

मी त्या गृहस्थांकडे असं बघितलं की त्यांनी खिडकीची फळी अर्धी लावून घेतली. नंतर ते आम्हाला ओळखायला लागले, फार चांगला माणूस होता, पण त्या दिवशी मला त्यांच्या प्रामाणिकपणाचा संताप आला होता.

पुढच्या सोमवारी मी उठले, सगळ्यांचं केलं, ह्यांचा डबा भरून दिला आणि स्वतः काही न खाता भिंतीला टेकून बसले. आत्यांनी आधी लक्ष दिलं नाही. दहाच्या सुमाराला त्यांनी माझ्यापुढे भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. मी ताट मागे सारलं. आज माझा पण उपवास, म्हटलं, आणि गुरुवारी पण, आणि शनिवारी पण. आत्यांनी साबुदाणा आणला. मी तोही घेतला नाही. दुपार झाली. पोटात बाळ फिरत होतं आणि मला भुकेने मळमळत होतं. खरं सांगायचं तर तासाभराने मी स्वतःच ताट ओढून घेतलं असतं. माझ्या अंगात असे उपवास करायची धमक नव्हतीच. पण आत्यांना ते माहीत नव्हतं.

"पोटातल्या लेकराला उपाशी मारतीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"तुमी त्याला आजीबिगर ठिवायला निगालाय. त्यापरीस एक दिवस उपाशी बरं," मी म्हटलं.

चरखा थांबला. आत्यांनी हातातली अर्धी भरलेली कांडी टोपलीत टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि त्या घराबाहेर पडल्या. महादेवाच्या देवळातल्या गुरवाकडे गेल्या होत्या. अर्ध्या तासाने आल्या त्या चेहरा उजळूनच. गुरवाने तोड काढली होती. आजारी माणसाच्या नवसाचे उपवास पोटच्या लेकराने केले तरी देवाला पावतात, असं त्याने सांगितलं. पोटचं लेकरू एकच होतं, आणि ते त्या वेळी मिलमध्ये माग चालवत होतं. आत्यांनी माझ्यासमोर पाण्याबरोबर गोळी घेतली. मी जेवायला बसले आणि तीन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी हे आले. पाय धुऊन पाटावर बसले आणि आज काय, म्हणून विचारलं. आत्यांनी बातमी सांगितली. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, दीड वर्ष, आणि सोडायचा दुसऱ्या दिवशी सकाळी. आमचे हे खाण्याचे शौकीन. रविवारचं मटण, मिलच्या दारातली मिरचीची भजी, जेवल्यावर मूठभर भाजलेल्या शेंगा, हे त्यांचं सुख. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यात अवघड काय हाय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून गोळीची वेळ ठरली. सकाळी मिलचा भोंगा झाला की आत्यांनी चरख्यावरून हात काढायचा आणि मी गोळी आणि पाणी पुढे करायचं. आमच्या चाळीत घड्याळ कुणाकडेच नव्हतं आणि लागतही नव्हतं. पोरांची शाळा, दूधवाल्याचं येणं, सगळं भोंग्यावर चालायचं, त्यात आणखी एका गोळीची भर पडली. भोंगा झाला की शेजारची तेलुगू बाई भिंतीपलीकडून विचारायची, अक्का, गोळी? ताकदीची सुई आता कुणालाच पटत नव्हती. दवाखान्याच्या कार्डाने सगळं सांगूनच टाकलं होतं, आणि त्याचा असाही उपयोग झाला. आत्या ओरडून उत्तर द्यायच्या, घेतली.

ह्यांचे पहिले दोन-तीन आठवडे मोठ्या थाटात गेले. आईसाठी उपवास करतो म्हणून मिलमध्ये नाव झालं. जोडीदार केळी आणून द्यायचे. हे घरी आले की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे, आणि आत्या त्यांच्याकडे अशा कौतुकाने बघायच्या की मला हसू दाबावं लागायचं.

सातव्या महिन्यात मी माहेरी गेले. श्रावणात मुलगी झाली. बारशाला आत्या येतील असं सगळ्यांनी धरलं होतं, पण आले ते हे एकटेच. बरोबर आत्यांनी हाताने शिवलेली कुंची होती. डॉक्टरचा कागद मिळेपर्यंत लेकराच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही, असा त्यांचा निरोप होता. कुंची नव्या कापडाची होती आणि ती त्यांनी शेजारणीकडून उकळत्या पाण्यातून काढून घेतली होती. माझी आई ती हातात घेऊन रडली. मलाही रडू आलं, पण मी बाळंतीण होते आणि बाळंतिणीला रडायला काही कारण लागत नाही, म्हणून ते खपून गेलं.

दिवाळीनंतर ह्यांचं पत्र आलं की कागद मिळाला, या. मी मुलीला घेऊन एसटीने सोलापूरला उतरले तेव्हा आत्या स्टँडवर आल्या होत्या. पण जवळ आल्या नाहीत. दहा पावलांवर उभ्या राहिल्या आणि ह्यांच्या हातून कागद माझ्याकडे पाठवला.

"आदी वाच," त्या तिथूनच म्हणाल्या.

ह्यांनी तो त्यांना आधीच वाचून दाखवला होता, दवाखान्यातही सांगितलं होतं. तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं, कारण लेकरू माझं होतं. मी गर्दीत उभी राहून मोठ्याने वाचलं. तीन वेळा तपासलेली थुंकी स्वच्छ. मग मी दहा पावलं चालून गेले आणि मुलगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला छातीशी धरलं, ज्या छातीचे फोटो काढून काढून दवाखाना थकला होता त्याच छातीशी, आणि तेलुगूत, मराठीत जे सुचेल ते बोलत राहिल्या. आयुष्यात मला फार थोड्या वेळा इतका आनंद झाला आहे.

खरं अवघड काम त्यानंतर होतं. अजून अकरा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि घरात आता कुणीच आजारी दिसत नव्हतं. आत्या ठणठणीत, नात मांडीवर. एके सकाळी भोंगा झाल्यावर त्यांनीच विचारलं की आता कशापायी. मी म्हटलं, तुमचा लेक अजून उपवास करतोय, तुम्ही गोळी सोडून चालेल का? हे ऐकून त्यांनी मुकाट्याने गोळी घेतली. माझ्या हातात तेवढा एकच हुकमाचा पत्ता होता.

आणि एका सोमवारी ह्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशाला तेलाचा मोठा डाग. आत वर्तमानपत्राचा तुकडा, आणि तुकड्याला चिकटलेला मिरचीचा देठ.

मी ह्यांना चाळीच्या मागे गाठलं. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पहिले तीन आठवडे अगदी खरे केले, म्हणाले. चौथ्या आठवड्यात एकदा भजीवाल्याने नुसता घाणा काढला आणि पाय आपोआप तिकडे वळले. एकदा मोडल्यावर दुसऱ्यांदा मोडायला काही वाटलं नाही. मी चिडून म्हटलं, भजी समोर नाही म्हणायला एवढं काय लागतं. तर ते म्हणाले, एक दिवस काहीच लागत नाही. पण काही दुखत नाही, खुपत नाही, आणि तरी रोज उठून तेच करायचं आणि ते संपतच नाही, ह्याचा कंटाळा येतो. आईला मी उगीच बोललो, म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. आत्यांना हे समजलं तर गोळ्या त्याच दिवशी बंद, आणि मग खोकला पुन्हा, तोही मांडीवर नात असताना. म्हणून मी गप्प बसले. फटकळ बाईला गप्प बसणं किती जड जातं ते मी त्या अकरा महिन्यांत शिकले. कधी सोमवारी मुलीला कडेवर घेऊन, साबुदाण्याचा डबा हातात धरून मी सुट्टीच्या वेळी मिलच्या दारात जाऊन उभी राहायची. मला बघितलं की हे भजीच्या गाड्यापासून असे लांब सरकायचे, जशी त्याची न् त्यांची ओळखच नाही. पण रोज कुठून जाणार? आणि गुरुवार तर त्यांनी सरळ सोडूनच दिला होता. एकदा मी चिडून त्यांचा सदराच धुतला नाही. तर मळक्या कपड्यात गेलो तरी भजी मिळतात, म्हणाले.

पुढच्या दसऱ्यानंतर एका सोमवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शेवटचा फोटो उजेडावर धरून बघितला आणि सांगितलं, झालं, आता गोळी नाही. गोळ्या देणारे गृहस्थ खिडकीतून बाहेर आले. आत्यांनी त्यांना शेंगाच्या चटणीचा पुडा दिला आणि म्हणाल्या, घ्या, ह्यात खळ न्हाय. ते इतकं हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

संध्याकाळी मी पाण्याला गेले होते. परत येते तो घरात तळणाचा वास. आत्या चुलीपुढे बसून मिरचीची भजी काढत होत्या. सोमवारी. हे पाळीवरून आले, पाय धुतले आणि दारातच थबकले. आत्यांनी ताट भरून पाटापुढे ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "दीड वरीस चोरून खाल्लास, आज माज्या म्होरं बसून खा."

हे तसेच उभे. मी घागर खाली ठेवायची विसरले. आत्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. उपवासाच्या संध्याकाळी सदऱ्याला तेलाचा वास यायचा, आणि दिवसभराचा उपाशी माणूस साबुदाण्यावर तुटून पडतो तसा हा पडायचा नाही. पोटचा पोरगा होता, त्याची भूक त्यांना ओळखू येत होती. मी विचारलं, मग तुम्ही गोळ्या बंद का नाही केल्या. त्यांनी कढईतला घाणा उलटला आणि मग सांगितलं.

"लेकरू पोटात हुतं की तुज्या. देवाला म्हटलं, ह्यो काय उपाशी राहत न्हाय, आणि मी काय गोळी सोडत न्हाय. तूच बग आता."

हे पाटावर बसले. एक भजं उचललं आणि हातातच धरून राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मिरची झोंबली असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण अजून ते तोंडात गेलं नव्हतं. शेवटी मुलगी दुडदुडत आली आणि तिनेच ताटात हात घातला.

आत्या त्यानंतर खूप वर्षं जगल्या. उपवास त्यांनी पुन्हा स्वतःकडे घेतले. नातीच्या लग्नात त्यांनी वरमाईलाही मागे टाकून मिरवून घेतलं, आणि गेल्या त्या म्हातारपणाने, छातीला काहीही झालेलं नसताना. तोवर मिलही बंद पडली होती आणि भोंगाही.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावरचा पहिला सोमवार मला आठवतो. मी ह्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. त्यांनी ते हळूच मागे सारलं. मी विचारलं, बरं वाटत नाही का.

"तेव्हाचे राहिलेत," ते म्हणाले.

आता सत्तरी उलटली तरी सोमवार चुकत नाही, आणि सोडतात दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, ती मात्र सोमवारीही मी त्यांना घ्यायला लावते. किती राहिलेत, असं मी कधी विचारलेलं नाही. त्या पहिल्या दिवशी मी ताट उचललं आणि साबुदाणा भिजत घातला.